जिवबा मास्तरांचा एकच बाक

मीनू गो, हे वाचायला नीट बस. आणि आधी तो फोन उलटा घालून ठेव. परवा फोनवर तूच विचारलंस ना, की आत्या, तुझ्या शाळेच्या त्या जुन्या फोटोत मास्तरांच्या रांगेत अगदी कडेला, टोपी हातात धरून उभा आहे तो माणूस कोण? मी सांगायला तोंड उघडलं, तर म्हणालीस, "आत्या, थोडक्यात सांग हं, मला मुलांचा वर्ग आहे." थोडक्यात! पोरांना नाटक शिकवतेस आणि म्हाताऱ्या आत्याचं ऐकायला तुला वेळ नाही. त्या माणसाने तुला वर्गाबाहेर काढलं नसतं, त्याने कधी कुणालाच बाहेर काढलं नाही. पण तुझ्याकडे असा बघत राहिला असता की तूच ओशाळून फोन ठेवला असतास. म्हणून आता लिहूनच काढते. माझी शाळा दहावीत सुटली, पुढचं सगळं शिक्षण हाताला लागेल ते वाचून झालेलं, तेव्हा चुका काढत बसू नकोस. नुसतं वाच.

त्यांचं नाव जिवबा. आम्ही जिवबा मास्तर म्हणायचो, पण मास्तर होण्याआधी ते दशावतारी मेळात होते. देवळांच्या जत्रांतून बाईची कामं करायचे. दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात हे तुला ठाऊक आहे. पण तेव्हाचे जिवबांसारखे लोक डोक्यावर टोप चढवत नसत, स्वतःचे केस राखत. जिवबांचे केस कमरेपर्यंत होते. माझी आई सांगायची, ते व्हाळावर केस धुवायला बसले की बायका कपडे आपटायच्या थांबत आणि विचारत, "जिवबा, तेल खंयचा लावतंस रे?" आणि जिवबाही तोंड न फिरवता सांगत, "नारळाचाच गो. पण तुज्यासारखा घोवावरचो राग डोक्यात ठेवणंय नाय, म्हणान वाढतत."

आमचं हायस्कूल तेव्हा नवीन होतं. मालवणपासून दूर, सड्यावर, चिऱ्याच्या भिंती आणि वर नळ्यांची कौलं. गावच्या मुंबईकर मंडळींनी उभं केलेलं. त्यांच्यातल्या कुणाच्या तरी मनात आलं की पोरांना नाटक शिकवावं, शनिवारी दुपारचा एक वर्ग ठेवावा, आणि शिकवायला आपल्या जिवबाला घ्यावं. हेडमास्तर घाटावरचे. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा. ते म्हणाले, "हरकत नाही, मात्र शाळेत शिक्षक शिक्षकासारखा दिसला पाहिजे."

म्हणजे केस कापायचे.

मेळाचे नाईक, म्हणजे मेळ चालवणारे मुख्य, जिवबांच्या घरी येऊन बसले. म्हणाले, "जिवबा, आज कापशीत, पण उद्या शाळेन नको म्हटल्यान तर? केसांबगर तुका मेळात कोण उभो करतलो?" जिवबांनी म्हटलं म्हणे, "माका परत येवचाच नाय. मेळात माज्या पाठसून कोण शिकता? सगळे झील मुंबयक गिरणीत. शाळेत निदान बसान आयकतले तरी." दुसऱ्या दिवशी बाजारातल्या न्हाव्यापुढे जाऊन बसले. न्हाव्याचा हात चालेना, तेव्हा कात्री स्वतः हातात घेऊन त्यांनी पहिली बट कापली.

तेव्हापासून डोक्यावर टोपी. पण सवय कुठे जाते? बोलता बोलता त्यांचा हात मानेमागे जायचा, सुटलेला अंबाडा सारखा करायला, आणि रिकामाच परत यायचा. पहिल्या दिवशी आम्ही पोरी हसलो. नंतर हसायचं थांबलो. कधी थांबलो ते आठवत नाही.

त्यांचा पहिला वर्ग मात्र आज झाल्यासारखा आठवतो. आले, वर्गभर नजर फिरवली आणि म्हणाले, "ही सगळी बाकां भायर काढा. एक ठेवा." आम्ही ओढून ओढून सगळे बाक पडवीत नेले. मधोमध एकच बाक उरला. दशावतारात एका बाकड्यावर सगळं भागतं. तेच सिंहासन, तोच डोंगर, तोच रथ. मास्तरांनी वसंताला त्यावर बसवलं. वसंता म्हणजे तांडेलाचा मुलगा, थोराड, जाड आवाजाचा, सदा भुकेलेला. मास्तर म्हणाले, "ह्यो राजा. आता ह्येका कोणीतरी उठवन दाखवा. हात लावचो नाय. नुसत्या बोलण्यान उठाक व्हयो."

एक म्हणाला, महाराज, शत्रू आला. वसंता ढिम्म. दुसरा म्हणाला, राजवाड्याला आग लागली. वसंता पाय हलवत बसलेला. मग रोझी उठली. रोझी आमच्या वर्गातली किरिस्तांव मुलगी, बापूस आगबोटीवर, बारीक अंगाची, वर्गात कधी तोंड न उघडणारी. ती बाकापाशी गेली, वसंताकडे नीट बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "महाराज, तुमची आवस भायर येवन उभी रवली हा. हातात वेताची काठी आसा."

आईचं नाव निघताच वसंता टाणकन उठला आणि खरंच दाराकडे बघायला लागला.

वर्ग हसून लोळला. मास्तर हसले नाहीत. रोझीला म्हणाले, "तू आधी तेच्याकडे बघलंस. बाकीच्यांनी बघूक नाय, नुसते बोलले." हाच त्यांचा एकुलता एक धडा, मीनू. पुढे दोन वर्षं तोच शिकवला. समोरच्याचं आधी ऐक, मग तोंड उघड. पाठ केलेल्या भाषणाला ते शिळा भात म्हणत. "पोट भरता, पण चव खंय?"

आम्हा मुलींना तर ते फार बोलायचे. "गो, तुमी खरी चेडवां, आणि तुमका बायल होवक येणा नाय? पदर असो घेतत? बायल दारात उभी रवता ती दाराक टेकान नाय, कोणाच्या तरी वाटेक टेकान उभी रवता." एकदा दाखवायला म्हणून त्यांनी खांद्यावरचा पंचा डोक्यावर घेतला आणि बाकाशी उभे राहिले. होडी परत आली नाही आणि ती बाई किनाऱ्यावर उभी आहे, एवढंच. समोर पन्नाशीचा माणूस होता, मिशा काढलेला, धोतर नेसलेला. आणि तरी आमच्यापैकी कुणी त्यांच्या पायांकडे बघितलं नाही. त्यांनी असा हंबरडा फोडला की हेडमास्तर ऑफिसातून धावत आले. त्यांना वाटलं कुठल्या मुलीच्या घरून वाईट बातमी आली. दारात येऊन बघतात तर जिवबा मास्तर! हेडमास्तरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मास्तर, मुलांना रडायला शिकवू नका. परीक्षा अजून लांब आहे." आम्ही हसलो. मास्तरांचा हात मानेमागे गेला आणि रिकामा परत आला.

दुसऱ्या वर्षी त्यांनी सावित्रीचं आख्यान घेतलं. वसंता यम, रोझी सावित्री. सत्यवान कुणीही चालायचा, त्याला नुसतं मरून पडायचं होतं. माझ्या वाट्याला काहीच नव्हतं. मी पडवीच्या दाराशी बसून बघायचे, आणि ते मला पुरत होतं. लिहिलेलं काही नव्हतं. मास्तर गोष्ट सांगत आणि म्हणत, "आता तुमचा तुमी भांडा." पण त्यांनी एक नियम घातला होता. सावित्रीला उत्तर सुचलं आणि यमाला ते खरंच पटलं तरच त्याने सत्यवानाला सोडायचं. नाही पटलं, किंवा ती गप्प राहिली, तर न्यायचा. गोष्ट पुराणात काहीही असो.

त्यामुळे दर शनिवारी आमचा जीव टांगणीला. एकदा रोझीने यमाला विचारलं, "तुमी जेवलास?" वसंता दुपारचा उपाशीच. म्हणाला, "नाय." "मगे ह्येका सोडा. ह्यो मासे धरून आणतलो, मी रांधतलंय, तुमी जेवन जावा." यमाने आवंढा गिळला आणि सत्यवान सोडला! हेडमास्तरांच्या कानावर गेलं तेव्हा ते नुसतेच "यम? मासे?" म्हणाले.

आणि एकदा रोझी हरली. डोकं दुखत होतं म्हणा, काय म्हणा, तिला सुचलंच नाही. वसंताने वाट बघितली, मास्तरांकडे बघितलं. मग त्याने सत्यवानाचे दोन्ही हात धरले आणि त्याला फरफटत पडवीतून, पायऱ्यांवरून, थेट विहिरीपर्यंत नेला. मास्तर म्हणाले, "आज सत्यवान मेलो. घराक जावा." रोझी वाटभर रडली. मला त्या दिवशी भाकरी उतरली नाही. सत्यवान होता तो पोरगा पुढे विहिरीपाशी बसून कैऱ्या खात होता, तरी! पुढच्या शनिवारी रोझी आली ती डोळ्यांत असं काही घेऊन की वसंता तिच्यापुढे मागे मागे सरकत भिंतीला टेकला. नाटक म्हणजे काय ते मला तिथे कळलं. हरायची भीती खरी हवी.

मग ती कुडाळची स्पर्धा आली.

मुंबईकर मंडळींत आता कुरकुर सुरू झाली होती. नाटकाने पोरं बिघडतात, शनिवार फुकट जातो, असं. शेवटी त्यांनी हेडमास्तरांना कळवलं की शाळांच्या नाट्यस्पर्धेत मुलांना उतरवा, काही नाव काढलं तर वर्ग राहील, नाहीतर बंद करा. हेडमास्तरांनी मास्तरांना सांगितलं आणि वर म्हणाले, "स्पर्धेला संहिता लागते. परीक्षकांना आधी द्यावी लागते."

मास्तरांनी विचारलं, "संहिता म्हणजे?"

"तुम्ही जे बोलणार ते सगळं लिहून."

"पण काय बोलतले ता आमका तरी खंय ठावक आसा?"

हेडमास्तर हसले नाहीत. त्यांनाही वर्ग टिकायला हवा होता, हे मी आज सांगते. त्यांनी मराठीच्या सरांना वर्गात बसवलं. सरांनी मुलांचं बोलणं ऐकून घरी नेलं आणि शुद्ध करून आणलं. "हे धर्मराजा, पातिव्रत्याच्या तेजापुढे" असं काहीसं सुरू व्हायचं. यमाची भूकही गेली आणि मासेही गेले. मास्तर ओळीखाली बोट धरून सावकाश वाचत. सगळं वाचून झाल्यावर म्हणाले, "बरा लिवल्यानी हा. पण ह्या बोलता कोण?"

पोरं पाठ करायला लागली. माझं अक्षर चांगलं म्हणून प्रत मला लिहायला दिली, आणि आत उभं राहून विसरलेलं सांगायचं कामही मलाच. मास्तर कोपऱ्यात बसून असायचे. शिकवायला त्यांच्याकडे काही उरलंच नव्हतं. रोझीचं 'पातिव्रत्य' दर वेळी अडखळायचं, आणि मास्तर जमिनीकडे बघत.

कसालला एस.टी. बदलायला आम्ही उतरलो, तेव्हा त्यांनी आम्हाला एका झाडाखाली गोळा केलं. वसंता भजी खात होता. मास्तर म्हणाले, "पोरांनो, आज कोणी कोणाचा आयका नको. लिवलेला आसा तितक्याच बोला. मदी काय सुचला तरी गिळा." मग म्हणाले, "माज्यासाठी." त्यांचा हात मानेमागे गेला होता. दोन वर्षं ज्याच्या उलट शिकवलं, तेच त्यांनी त्या दिवशी सांगितलं. वर्ग वाचवायचा होता ना. रोझीने मान डोलावली. ती सांगितलेलं ऐकणारी मुलगी.

कुडाळच्या त्या शाळेत मोठा मांडव, मागे रंगवलेलं अरण्य. परीक्षक टेबलाशी, प्रत्येकापुढे आमची संहिता. सगळे एकदम पान उलटायचे, तो आवाज मला आत विंगेत ऐकू यायचा. सुरुवात ठीक गेली. रोझीने 'पातिव्रत्य'सुद्धा नीट म्हटलं. आणि मग वसंता विसरला.

मी आतून सांगितलं. त्याला ऐकू गेलं नाही, मांडवात पोरांचा कालवा. मी पुन्हा सांगितलं. तो नुसता उभा. मग त्याने दोन वर्षं केलं तेच केलं. त्याने रोझीकडे नीट बघितलं आणि आपल्या जाड आवाजात विचारलं, "सावित्री, तुका ह्यो कित्याक व्हयो?"

पानं थांबली. हा तुला कशाला हवा, एवढंच. सकाळपासून त्या मांडवात कुणी कुणाला खरं काही विचारलंच नव्हतं.

रोझीचा चेहरा बदलला. तो चेहरा मला माहीत होता. तिला उत्तर आलं होतं. ओठ सुटलेसुद्धा. आणि तिने विंगेकडे बघितलं. माझ्याकडे नाही, माझ्या मागे मास्तर उभे होते, त्यांच्याकडे. माझ्या हातात सगळं नाटक लिहिलेलं होतं आणि त्यात या प्रश्नाचं उत्तर कुठेच नव्हतं. मास्तरांचा श्वास मला मानेवर लागत होता. ते काही बोलले नाहीत. रोझीने ओठ मिटले.

वसंता थांबला. गुणी पोर, पुष्कळ थांबला. मग नियमाप्रमाणे खाली वाकला, सत्यवानाचे दोन्ही हात धरले आणि त्याला अरण्यातून फरफटत घेऊन गेला.

सगळा मांडव फुटला. शिट्या काय, टाळ्या काय, एक परीक्षक हसून हसून डोळे पुसत होते. सावित्री हरली! कुणीतरी पडदा ओढला. वसंता विंगेत आला तो पांढराफटक, सत्यवानाचे हात अजून धरलेले. "मास्तर, माज्या तोंडातसून भायर पडला..." मास्तरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरोबर केलंस."

आम्ही परतीच्या गाडीत बसलो. कसाल जवळ आलं तेव्हा रोझी म्हणाली, "मास्तर, माका उत्तर इल्ला."

"मगे दिलंस कित्याक नाय?"

"तुमीच सांगलास, गिळा म्हणान."

मास्तर खिडकीकडे वळले. त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. घर येईपर्यंत घातली नाही.

पुढचं खरंच थोडक्यात आहे. वर्ग बंद झाला. शनिवारी कवायत सुरू झाली, बाक पडवीतून आत आले. शाळेचा तो फोटो त्याच आठवड्यातला. फोटोवाल्याने मास्तरांना टोपी काढायला सांगितली म्हणून ती हातात आहे. नंतर काही शनिवार ते शाळेबाहेरच्या काजूखाली येऊन उभे राहत आणि आमची कवायत बघत. हेडमास्तरांनी एकदा बाहेर जाऊन त्यांना आत बोलावलं, ते आले नाहीत. मग दिसेनासे झाले. मेळाकडे गेले तर नाईक म्हणाले, "केस वाढव, मगे बघूया." रोझीला आईने त्या जूनमध्येच गोव्याला मावशीकडे पाठवली. ती पुन्हा कधी भेटली नाही. माझी शाळा सुटली, लग्न झालं, इन्सुलीला आले.

मास्तर मला एकदाच दिसले. बेळगावहून येत होतो, आंबोलीला गाडी चहाला थांबली. वरून पाऊस असा की समोरची टपरी दिसेना. टपरी त्यांच्या भाच्याची. आडोशाला एक बाक होता आणि त्यावर मास्तर बसलेले. खांद्याच्या खालपर्यंत केस. सगळे पांढरे.

मी पाया पडले, नाव सांगितलं. त्यांनी ओळखलं. हात मानेमागे गेला, आणि या वेळी रिकामा नाही आला. त्यांनी ते केस मुठीत धरून पुढे घेतले आणि मला दाखवले. "वाढले गो. पण बघ कसे वाढले. आता माका म्हातारीचा कामसुद्धा देणत नाय. मेळात टोपवालो झील आसा."

मी म्हटलं, "मास्तर, चला आमच्याकडे. चार दिवस राहा." त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी म्हटलं, वसंता मुंबईहून येणार आहे, तुमची आठवण काढतो. मान हलवली. मी म्हटलं, माझ्या जावेची पोरं आहेत, त्यांना शिकवा. ते नुसते हसले. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. तेव्हा मी खाली बसले, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हटलं, "महाराज, तुमची आवस भायर येवन उभी रवली हा."

ते माझ्याकडे बघत राहिले. "ती जावन वर्सां झाली गो," म्हणाले. "ता आता चलाचा नाय." आणि मग विचारलं, "रोझीन काय उत्तर काढलेल्यान, तुका कधी सांगल्यान?"

मी नाही म्हटलं.

"माका आजून सुचाक नाय," ते म्हणाले.

माझ्या नवऱ्याने मला हाताला धरून गाडीत चढवलं. मी मागे वळून बघितलं, तर ते त्याच बाकावर, तसेच, केस मुठीत धरून. मला त्यांना उठवता आलं नाही, मीनू. पुढच्या वर्षी गाडी थांबली तेव्हा बाक होता, त्यावर एस.टी.चे लोक चहा पीत होते.

तर हा तो फोटोतला कडेचा माणूस. आता तू ये. फोनवर मला समोरच्याचं तोंड दिसत नाही, आणि डोळेही आता फार दिवस साथ देतील असं वाटत नाही. इन्सुलीच्या नाक्याच्या अलीकडे उतर, हाक मार, मी दारातच असेन. लवकर ये गो बाय, आणि येशील तेव्हा निघायची घाई घरी ठेवून ये.